अंतराळयानातील निरोप्या

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही नववीच्या वर्गाची एक अंतराळ-नाटिका बसविली होती. पात्रांची वाटणी आमचीच. कप्तान, शास्त्रज्ञ, यंत्रज्ञ हे सारे मुलगे. पृथ्वीवरून आलेला निरोप कप्तानास सांगणे, एवढेच काम एका मुलीकडे. तालमीत तिने विचारले, "सर, यान बिघडले तरी मी नुसता निरोपच सांगायचा का?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

ही वाटणी आमच्या मनात आली कोठून? वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना दूरदर्शनवर पाहिलेली 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका आठवत असेल. १९६६ साली तिकडे ती सुरू झाली, तेव्हा उहुरा या कृष्णवर्णीय स्त्रीला यानावरील अधिकारी म्हणून दाखविणे ही मोठीच धिटाई होती. परंतु तिचे काम कोणते? कानाला यंत्र लावून संदेश घेणे! त्यापूर्वी तयार झालेल्या पहिल्या नमुना-भागात यानाची उपप्रमुख एक स्त्री होती. तो भाग नाकारला गेला. आणि तीच अभिनेत्री, मॅजेल बॅरेट, पुढे त्याच यानावर परिचारिका होऊन आली. १९६९ च्या अखेरच्या भागात तर एका स्त्रीला कप्तान होण्यासाठी पुरुषाचा देह बळकवावा लागतो.

वास्तविक व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा १९६३ सालीच एकटीने पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घालून आली होती. मालिकेचे लेखक कल्पनेने तेविसाव्या शतकात गेले, पण तीन वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र मात्र त्यांच्या वाचनातून सुटले की काय, न कळे!

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. उहुराला पाहूनच मे जेमिसन या मुलीने अंतराळाचे स्वप्न पाहिले व १९९२ साली ते खरे केले, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु काळावर सारा भार टाकणे आम्हांस तरी शोभणार नाही. १९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागे, तेव्हा आमच्या कोंकणीभाषक घरात बहिणीने व्योम व्हायचे म्हटले की आम्ही भाऊ खो खो हसत असू. पुढे २०१९ च्या 'चांद्रयान-२' मोहिमेची धुरा एम. वनिता व रितू करिधाल यांच्या हाती होती, हे आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले; आणि नाटिका बसवितांना नेमके तेच विसरलो.

खातेगांवात यंदा ती नाटिका पुन्हा होणार आहे. त्या मुलीने कप्तानाची भूमिका मागून घेतली आहे. निरोप्याच्या कामासाठी मात्र अद्याप एकही मुलगा पुढे आलेला नाही.