उंचीबरोबर रक्तातील साखरही मोजावी

टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलीकडे आपले लक्ष बहुधा दोनच कारणांनी जाते. तिची उंची वाढत नाही आणि वय झाले तरी तिला ऋतुप्राप्ती होत नाही. आईबापांची सारी चिंता व डॉक्टरांचे बरेचसे उपचार याच दोन गोष्टींभोवती फिरत राहतात. रक्तातील साखरेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ही उपेक्षा थांबली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले. त्याचे मूळ १९५९ साली ब्रिटनमध्ये उलगडले. स्त्रीच्या पेशींत असणाऱ्या दोन 'क्ष' रंगसूत्रांपैकी एक यात संपूर्ण किंवा अंशतः नसते. साधारणपणे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हा विकार असतो.

या स्त्रियांना मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. स्वादुपिंडातून इन्शुलीन पुरेसे स्रवत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. वजन वाढल्यास धोका वाढतो हे खरे. परंतु सडपातळ मुलगीही त्यातून सुटत नाही. पुष्कळदा उपाशीपोटी साखर ठीक असते आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मात्र ती वाढलेली आढळते.

उंचीसाठी देण्यात येणाऱ्या वृद्धिसंप्रेरकामुळे इन्शुलीनचा प्रभाव काहीसा मंदावतो. पण औषध थांबल्यावर हा परिणाम बहुतांशी ओसरतो. तेव्हा या भीतीने उपचार नाकारणे योग्य नव्हे. साखरेवर नजर ठेवणे हेच शहाणपणाचे.

दहाव्या वर्षापासून दरवर्षी, आणि तीही आजन्म, एचबीएवनसी ही तपासणी करावी, अशी शिफारस २०१६ साली सिनसिनाटी येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीतून पुढे आली. आपल्या देशात रक्तक्षय फार. आणि त्यामुळे ही तपासणी फसवी ठरू शकते. म्हणून तिच्या जोडीला रक्तातील साखरही मोजावी.

खरी अडचण पुढेच आहे. उंची वाढणे थांबले, की मुलीचे बालरोगतज्ज्ञांकडे जाणेही थांबते. आणि मधुमेहाचा धोका तर वयाबरोबर वाढतच असतो. यास्तव निदान करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तिच्या कागदावर 'दरवर्षी साखर तपासावी' असे लिहावे, आणि तो कागद तिने जन्मभर जपावा.