पेटीतील जाळीदार रुमाल

जुन्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याच्या दोन रीती आपल्या घरांत रूढ आहेत. एक, वस्तू माळ्यावर टाकून तिला विसरून जाणे. आणि दुसरी, ती भंगारवाल्याच्या स्वाधीन करणे. क्रोशाच्या सुईने विणलेल्या जाळीदार रुमालांच्या वाट्याला पहिली रीत आली आहे. एके काळी हे रुमाल रेडिओवर, तिपाईवर, खुर्चीच्या पाठीवर आणि फराळाच्या ताटावर शोभत. लग्नाच्या रुखवतात वधूच्या हातचे क्रोशेकाम मोठ्या मानाने मांडले जाई. पुढे रेडिओ गेला, तिपाई अडगळीत पडली, आणि चिक्कडपल्लीतील कित्येक बैठ्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. रुमाल मात्र ट्रंकेच्या तळाशी पिवळे पडत राहिले.

अलीकडे अशा रुमालांपासून शोभेच्या वस्तू करण्याची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कात्रीने रुमालाचे तुकडे करून ते बाटलीवर वा पुठ्ठ्यावर गोंदाने डकविण्याची जी पद्धत पडत आहे, ती मला मान्य नाही. क्रोशाचे विणकाम हे कापड नव्हे. एका टाक्यातून दुसरा टाका ओढीत सलग धाग्याने ते गुंफलेले असते. एका जागी कातरले की भोवतालचे टाके उसवू लागतात. गोंदाने सुताची मऊ घडण ताठर होते, आणि तो रुमाल पुन्हा धुण्याच्या वा दुरुस्तीच्या कामाचा राहत नाही.

पण माझा आक्षेप केवळ सुतापुरता नाही. त्या रुमालात गेलेल्या श्रमाची किंमत आपण ओळखतो काय, हा खरा प्रश्न आहे. सपाट वर्तुळ विणण्यासाठी बारा खांबांनी आरंभ करून प्रत्येक फेरीत बारा-बारा खांब वाढवावे लागतात. कमी वाढविले तर रुमालाची वाटी होते, अधिक वाढविले तर कडेला चुण्या पडतात. त्रिज्या समान प्रमाणात वाढली की परिघही समान प्रमाणात वाढतो, हा भूमितीचा नियम शाळेत न गेलेल्या बोटांनाही ठाऊक होता. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना तैमिना या गणितज्ञ स्त्रीने त्या चुण्यांचाच उपयोग करून अतिपरवलयी प्रतल क्रोशाने विणून दाखविले. ज्याला आपण 'बायकांचा विरंगुळा' म्हणतो, त्यात एवढे शास्त्र सामावलेले आहे.

हा 'विरंगुळा' शब्दच घातक आहे. नरसापूर एक्स्प्रेसचे नाव आपल्या शहरात पुष्कळांच्या परिचयाचे असेल. ती ज्या नरसापूरला जाते, ते मेदक जिल्ह्यातील नव्हे, तर गोदावरीच्या मुखाजवळचे आंध्रातील गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून ही कला तेथील स्त्रिया शिकल्या. त्यांच्या हातचे रुमाल व लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली या स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोज कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रिया कामगार गणल्याच जात नव्हत्या. त्या 'घरी बसणाऱ्या गृहिणी' आणि त्यांचे काम 'फावल्या वेळचे', म्हणून मोबदला तुटपुंजा आणि नफा व्यापाऱ्यांचा, असे त्यांनी दाखवून दिले. याच क्रोशाने १८४० च्या दशकातील भीषण दुष्काळात आयर्लंडमधील अनेक कुटुंबांना तगविले होते. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव असे अधिकृत झाले. विणणारीचे नाव मात्र अजूनही रुमालावर नसते.

मग या रुमालांचे करावे तरी काय? पेटीत पुरून ठेवावेत, असे मी म्हणत नाही. वापरावाचून वस्तू मरते. ते अखंड वापरावेत, एवढेच म्हणणे आहे. प्रथम रुमाल कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात भिजवावा, न पिळता पंचावर सपाट पसरून वाळवावा. ब्लीचिंग पावडरीच्या वाटेस जाऊ नये. तिने सूत दुबळे होते. सुटलेला टाका त्याच जाडीच्या दोऱ्याने बारीक सुईवर उचलून घ्यावा. ताठपणा हवा असेल तर भाताच्या पातळ पेजेची खळ पुरेशी आहे. आम्हां कोकणीभाषकांच्या घरी पेजेची वाण कधी पडत नाही! मग गडद खणाच्या कापडावर हा रुमाल सैल टाक्यांनी शिवून उशीचा अभ्रा करावा, की जाळीची नक्षी उठून दिसते. कडेला काचेचे मणी ओवले तर दुधाच्या वा ताकाच्या भांड्यावर वाऱ्याने न उडणारे झाकण होते. चार-पाच लहान रुमाल कडेकडेने जोडले की खिडकीचा अर्धपडदा तयार. फारच जीर्ण झालेला रुमाल शाडूच्या ओल्या थापीवर दाबून उचलला, तर त्याचा ठसा मातीत उमटतो. चित्रकलेच्या तासाला हा प्रयोग अवश्य करून पाहावा. टाके सैल घातले असतील तर उद्या ते उसवून रुमाल पुन्हा मोकळा करता येतो, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे गोधडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या लुगड्यांच्या थरांतून ती उभी राहते, आणि पांघरणाऱ्याला कोणते लुगडे कोणाचे हे सांगता येते. रुमालाबाबतही हेच घडावे. अभ्र्याच्या आतल्या बाजूस एक फीत शिवून तीवर विणणारीचे नाव, गाव आणि साधारण साल दोऱ्याने लिहावे. ते विचारून घेण्याजोगी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.

आणि हे काम केवळ मुलींचे, असे कोणी समजू नये. सुई हाती धरल्याने मुलाचा पुरुषार्थ उणा होत नाही. उलट एक फेरी स्वतः विणून पाहिली म्हणजे आजीच्या हातची वीस फेऱ्यांची नक्षी काय मोलाची आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.