करणारीची कदर

मैत्रिणींनो, घरातल्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसावं, ही रीत आपल्याला कुणी मुद्दाम शिकवली नाही, तरी आपण शिकलो. पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यात तळाला उरेल ते आपलं! त्याची तक्रारही नसते. "छान झालंय हं" एवढं कुणी म्हटलं तरी निम्मं पोट भरतं.

पण हे दोन शब्दही वर्षानुवर्षं कानावर पडत नाहीत, मीठ कमी पडलं तेवढंच काय ते दिसतं, तेव्हा मन एक उलटाच हिशेब मांडतं. 'माझंच काही कमी पडत असेल. आणखी थोडं केलं की कळेल त्यांना.' मग आणखी करायचं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी, सासूबाईंचं पथ्य, पैपाहुणा, नणंदेचं बाळंतपण. होता होता करणं तेवढं उरतं, करणारी कुठं दिसतच नाही.

असं फक्त साध्यासुध्या बायकांचंच होतं, असं समजू नका. माधवी देसाई आपल्या कोल्हापूरच्या, चित्रमहर्षी भालजी पेंढारकरांच्या कन्या. पहिले पती वारले, पदरात मुली. पुढं 'स्वामी'कार रणजित देसाई यांच्याशी त्यांचं दुसरं लग्न झालं आणि चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या घरी त्या नांदायला आल्या. नावाजलेलं घर, नावाजलेला नवरा. तरीही तो संसार मोडला. त्याची कहाणी त्यांनी १९८८ साली 'नाच गं घुमा' या आत्मकथनात सांगितली. पुस्तकाचं नाव घेतलं ते आपल्या मंगळागौरीच्या खेळातल्या गाण्यावरून!

ती त्यांची बाजू. दुसऱ्याच्या संसाराचा निवाडा करणं आपलं काम नव्हे. आपण घ्यायचं ते एवढंच की, माहेर थोर, हाताशी लेखणी, तरी त्यांच्यावरही ही वेळ आली. मग आपल्यावर आली तर त्यात लाज कसली? आणि दुसरं म्हणजे त्या गप्प बसल्या नाहीत. जे सोसलं त्याला त्यांनी आपल्या नावानिशी शब्द दिले. २०१३ साली त्या गेल्या, पण तोवर त्यांची ओळख स्वतःच्या लेखणीवर उभी राहिली होती.

आता तुम्ही विचाराल, "पुस्तक लिहिणं आम्हाला कुठलं जमायला?" नका लिहू. पण मुलांची जुनी वही घ्या आणि आठ दिवस, सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत काय काय केलंत, ते टिपून ठेवा. ही वही कुणाला दाखवायची नाही. ती आपल्यासाठी. 'मी दिवसभर घरीच असते' असं म्हणणारी तुमची जीभ नवव्या दिवशी आपोआप अडखळेल.

मग एक काम निवडा, जे दुसऱ्याला सहज करता येतं. आपलं ताट उचलणं, आपले कपडे घडी करून ठेवणं. ते शांतपणे सोडून द्या. रुसवा नको, टोमणा नको. चार दिवस कुरकुर होईल, पाचव्या दिवशी कदाचित ताट उचललं जाईल. पुष्कळ घरांना कदर नसते ती दुष्टपणानं नव्हे, सवयीनं. सवय आपणच लावली, आपणच मोडू शकतो. त्या वाचलेल्या वेळात मात्र दुसरं घरकाम काढू नका! तो वेळ तुमचा. बँकेतलं एक खातंही तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या, त्यात पैसे थोडे का असेनात.

पण ताट न उचलल्यावर शिव्या मिळत असतील, घरखर्चाचे पैसे बंद होत असतील, हात उगारला जात असेल, तर त्याला 'कदर नाही' म्हणू नका. तो छळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच आपल्या संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. देशाचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ सालचा. त्यात मारहाणच नव्हे, तर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोनही करता येतो.

घर सोडा असं मी सांगत नाही आणि काही झालं तरी सोडू नका असंही नाही. ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. पण ठरवणारी बाई आधी स्वतःला दिसायला हवी. माया जरूर करा, पोटभर करा. फक्त मायेच्या त्या माणसांत एक नाव आपलंही धरा.