ज्याला सातबारा नाही, त्याला जामीन कोण?



जिल्ह्याच्या बैठकीत आपण भाताच्या भावावर बोलतो, गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर बोलतो, विजेच्या बिलावर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण या वेळी आपटा भागातून बैठकीला येणाऱ्यांनी आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती आहे. पोलिस ठाण्यात, वन खात्याच्या ताब्यात आणि तुरुंगात बसलेल्या आदिवासीचा हा विषय आहे. ‘त्याचा नि शेतकऱ्याचा काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एका कागदाचा आहे. त्या कागदाचे नाव सातबारा.

अटक झालेला माणूस सुटतो कसा, हे आंदोलनात पकडले गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोर्टाने जामीन मंजूर केला म्हणून तुरुंगाचे दार उघडत नाही. जामीनदार उभा करावा लागतो. त्याने आपली ऐपत दाखवायची असते. सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. शेतकऱ्याच्या घरी हे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असतात. आपट्याच्या आसपासच्या डोंगरवाड्यांवरचा कातकरी मात्र हे कोठून आणणार? पुष्कळ वाड्यांवर घराखालची जागासुद्धा त्याच्या नावावर नाही. भावाकडे जावे तर भाऊ वीटभट्टीवर. सासऱ्याकडे जावे तर तोही त्याच्यासारखाच. मग कोर्टाचा हुकूम होतो आणि माणूस आतच राहतो.

नीट समजून घ्या. या माणसाला कोणी दोषी ठरवलेले नाही. खटला उभासुद्धा राहिलेला नाही. पण शिक्षा सुरू झालेली आहे. आणि ती एकट्याला नाही. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल बायकोच्या अंगावर पडते, पोरे शाळा सोडून विटा उचलायला लागतात, म्हातारी माणसे उपाशी राहतात. २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे शंभरातली पाऊणशे. ही सरकारची स्वतःची आकडेवारी आहे.

कातकऱ्यावर संशय एवढ्या लवकर का येतो, याचेही उत्तर इतिहासात आहे. खैराचा कात काढणारा तो कातकरी. इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला, रान राखीव झाले आणि बापजाद्यांचा धंदा एका कायद्याने गुन्हा ठरला. त्याआधी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. पुढे पारध्यांसारख्या जमातींची पोरे जन्मतःच चोर म्हणून वहीत लिहिली गेली. तो कायदा १९५२ साली गेला, पण ठाण्यातली सवय गेली नाही. कायद्याच्या यादीत कोणाचे नाव होते आणि कोणाचे नव्हते, हा हिशेब संशय घेणारा करीत नाही. काळा, उघडा, रानातला दिसला की पुरे. १९९८ साली बारामतीत एक पारधी पोलिसांच्या मारहाणीनंतर मरण पावला. महाश्वेतादेवींसारखी बंगालची लेखिका त्याच्यासाठी हायकोर्टात गेली. गावातून कोणी उठण्याआधी कलकत्त्याहून कोणी उठावे, हे महाराष्ट्राला शोभणारे नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत तर कैद्यांची कामे जातीवर वाटणारे आणि या जमातींना सराईत गुन्हेगार धरणारे नियम थेट ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत होते. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण कायदा कमी नाही, तो राबवायला माणूस कमी आहे.

घटनेचे २२ वे कलम सांगते की अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना आणखी नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा जागीच करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे. कोठडीत असताना दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. आणि त्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची? घरातल्या माणसाची, नाहीतर त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची.

ही प्रतिष्ठित व्यक्ती कोण? कातकऱ्याचे घरचे माणूस खाकी कपडे पाहून डोंगरात पळते. ते पळते कारण त्याने मार पाहिलेला आहे. मग सही करायला उरतो तो गावातला खातेदार, म्हणजे तुम्ही. तुमची ही पहिली सही. तिला एक पैसा लागत नाही. पण त्या सहीमुळे अटकेची वेळ पक्की होते. ती पक्की झाली की चोवीस तासांचे घड्याळ चालू होते आणि ‘आम्ही त्याला काल नाही, आज आणला’ असे म्हणता येत नाही. मारहाण होते ती बहुधा या बिननोंदीच्या तासांत. बाईच्या बाबतीत तर हे ध्यानात ठेवाच की सूर्यास्तानंतर तिला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी आणि महिला अधिकारी लागते.

बाहेरच्या माणसाच्या सहीने काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका भूमिहीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे कारण दिले. ठाण्यात, दार लावून, पोलिसापुढे एक मजूर मुलगी कोणाच्या नावाने ओरडणार होती? १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. चारच सह्या होत्या. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला.

दुसरी सही जामिनाची. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याकडे मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चूक ठरवले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले. साध्या, जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडावे, असे आज कायद्यातच आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांसमोर अशाच गरीब कैद्यांची कैफियत मांडली. त्या स्वतः संथाल आहेत. नंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, स्थानिक जामीनदाराच्या अटीने सुटका लांबते, म्हणून ती घालू नये. महिन्याभरात हमी देता आली नाही, तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा. हे सगळे कागदावर आहे. पण कोर्टापुढे जाऊन हे सांगणार कोण? आतल्या माणसाला तर आपल्यावर कोणते कलम लावले तेही माहीत नसते.

आपल्याच पनवेल तालुक्यात तळोज्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे. फादर स्टॅन स्वामी हे नाव तुम्ही ऐकले असेल. झारखंडमध्ये तुरुंगात कुजणाऱ्या आदिवासी कच्च्या कैद्यांची पाहणी त्यांनी केली, त्यांच्यासाठी हायकोर्टात गेले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली आणि तळोज्यात आणले गेले. वय ८३, अंगात कंपवात. आरोप त्यांनी नाकारले होते. हात थरथरत असल्याने पेला धरवत नव्हता, म्हणून पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला मागितला. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात, जामिनाच्या सुनावणीच्याच दिवशी, ते कैदी म्हणूनच गेले. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्या मतांशी कोणाचे जुळो न जुळो. ज्याच्यासाठी देशातले मोठे वकील उभे होते, त्याला पेल्यासाठी एवढे थांबावे लागले. मग नाव नसलेल्या कातकऱ्याचे काय होत असेल?

हे आपल्याच देशात होते असे नाही. ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी १९८७ ते १९९१ या काळात शाही आयोगाने केली. आयोगाने सांगितले की मूळनिवासी कोठडीत जास्त मरतात, कारण मुळात त्यांना कोठडीत टाकले जाते तेच फार जास्त. आपल्याकडेही दुखणे तेच आहे. कोठडी सुधारायला हवीच, पण कोठडीपर्यंतची वाट आधी अडवली पाहिजे. आणि परमुलखातून जीव वाचवून आलेला निर्वासितही यातून बाहेर नाही. १९९६ साली अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्या माणसालाही आहे. मग या मातीतल्या सगळ्यांत जुन्या रहिवाशाला तो नाही असे कसे म्हणता येईल?

आता तुमच्या मनातले बोलतो. ‘आमचे पंप जातात, केबल कापून नेतात, त्याचे काय?’ नुकसान खरे आहे. पण संशयावरून एखाद्या वाडीतली चार पोरे उचलून दिली, तर केबल परत मिळते का? मारून घेतलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. खरा चोर मोकळा राहतो आणि पुढच्या मोसमात परत येतो. फिर्याद द्या, पण पाहिले असेल तेच लिहून द्या.

‘आणि तो पळाला तर माझी रक्कम जप्त होईल.’ हाही प्रश्न रास्त आहे. पण कातकरी बहुधा पळत नाही, तो भट्टीवर जातो. दिवाळीनंतर गेलेला माणूस पावसाच्या तोंडावर परततो, मधली तारीख चुकते आणि वॉरंट निघते. म्हणून एकट्याने जामीन राहू नका. गावातल्या पाच खातेदारांनी मिळून ठरवावे. कोण कोणत्या भट्टीवर गेला हे मुकादमाकडून लिहून घ्यावे आणि तारखेच्या दोन दिवस आधी निरोप पाठवावा. वकिलाला पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे आदिवासीला आणि कोठडीतल्या कोणालाही वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करावा.

आपल्यापैकी कोणी आंदोलनात पकडला गेला की अख्खे गाव ठाण्यावर जाते. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा सगळा पनवेल-उरण भाग उठला होता. त्याच्याही आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांत आगरी होते, कोळी होते आणि नाग्या महादू कातकरीही होते. त्या दिवशी गोळीने जात पाहिली नाही. मग आज जामीन देताना आपण ती का पाहावी?

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव मांडावा. प्रत्येक गावात पाच खातेदारांची नावे ठरवावीत. वाडीवरचा माणूस उचलला गेल्याचे कळताच त्यांतल्या दोघांनी ठाण्यावर जावे, अटकेची नोंद पाहावी आणि सही करावी. जामीन मंजूर झाल्यावर आठवड्याच्या आत जामीनदार उभा करावा. पाच नावांची पहिली यादी आपट्याने द्यावी आणि ती बैठकीतच वाचून दाखवावी.