विश्लेषण : माजिवड्याच्या टर्फवरून मुंबई सिटीच्या संघापर्यंतची वाट कुठे तुटते?

संध्याकाळी माजिवडा नाक्यावरून घोडबंदर रस्त्याला लागलं की दिव्यांनी उजळलेली टर्फ दिसू लागतात. जाळीच्या आत दहा-बारा वर्षांची मुलं फुटबॉल खेळत असतात, पाठीवर मेसी किंवा रोनाल्डोचं नाव असतं. जाळीबाहेर दुचाकीला टेकून पालक थांबलेले असतात. महिन्याची फी, बूट, जर्सी, शनिवार-रविवारच्या स्पर्धा असा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो. त्यामागे एक प्रश्न असतोच. मुलगा खरंच चांगला खेळत असेल, तर पुढे कुठे जाणार?

ठाण्याहून सर्वांत जवळचा मोठा व्यावसायिक क्लब म्हणजे मुंबई सिटी एफसी. त्याचं मैदान अंधेरीत आहे. या क्लबने गेल्या काही वर्षांत लीग शील्ड आणि आयएसएल करंडक प्रत्येकी दोनदा जिंकले. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये त्याचे परदेशी मालक बाहेर पडले आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा हंगाम निम्म्यावर आला. अशा वेळी संघात कोण येतं, कोण जातं आणि स्थानिक मुलांना जागा मिळते का, हे नीट समजून घ्यायला हवं.

मुंबई सिटीत नेमकं काय बदललं?

क्लबची स्थापना २०१४ ची. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे सुरुवातीचे मालक. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, प्रशिक्षक आले, खेळाडू शोधण्याची यंत्रणा आली. निकालही लगेच दिसले. २०२०-२१ मध्ये संघाने लीग शील्ड आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा करंडक जिंकला.

त्यानंतर लीगचाच पाया हलला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ (एआयएफएफ) आणि लीग चालवणारी एफएसडीएल ही कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार होत नसल्याने जुलै २०२५ मध्ये आयएसएल स्थगित झाली. काही क्लबांनी पगार थांबवले. नव्या व्यावसायिक भागीदारासाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. याच अनिश्चिततेचं कारण देत सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी तोडगा जाहीर केला. १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची लीग आणि एकूण ९१ सामने. म्हणजे प्रत्येक संघाला साखळीत १३ सामने. आदल्या हंगामात हाच आकडा २४ होता. खेळाडूसाठी याचा अर्थ सरळ आहे. मैदानात उतरण्याच्या संधी जवळजवळ निम्म्या झाल्या, आणि संधी कमी झाल्या की सर्वांत आधी बाकावर बसतो तो नवखा मुलगा.

संघ बांधला कसा होता?

या यशाच्या काळातली भारतीय नावं पाहिली तर चित्र स्पष्ट होतं. लालियानझुआला छांगटे आणि अपुइया मिझोरामचे. बिपिन सिंग मणिपूरचा. गोलरक्षक फुर्बा लाचेनपा सिक्कीमचा. मेहताब सिंग पंजाबचा, विक्रम प्रताप सिंग चंडीगडचा. यातले बहुतेक जण दुसऱ्या अकादमीत किंवा दुसऱ्या क्लबकडून खेळून तयार झाल्यावर मुंबईत आले.

मुंबईचं ठळक नाव म्हणजे राहुल भेके. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना होता, आणि विजयी गोल भेकेचा होता. पण भेकेही मुंबई सिटीच्या अकादमीतून वर आलेला नव्हता. ईस्ट बंगाल, बंगळूरु अशा क्लबांकडून खेळून नाव झाल्यावर २०२१ मध्ये तो घरच्या संघात आला आणि २०२४ मध्ये पुन्हा बंगळूरुला गेला.

जाणाऱ्यांची यादीही लांब आहे. २०२४ मध्ये अपुइया मोहन बागानला गेला. २०२५ मध्ये मेहताबनेही तीच वाट धरली आणि सात वर्षं मुंबईत काढलेला बिपिन ईस्ट बंगालकडे गेला. तयार खेळाडू आणायचा, दोन-चार हंगाम खेळवायचा आणि तो गेला की त्याच्या जागी दुसरा तयार खेळाडू शोधायचा, असं हे गणित. पैसा असेपर्यंत ते उत्तम चालतं. तिजोरीला कात्री लागली की प्रश्न उभा राहतो, कारण घरातून वर येणारी फळी जाड नसते.

मग तरुणांना संधीच नाही का?

आहे, पण अरुंद आहे. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात चारच परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले. म्हणजे किमान सात भारतीय हवेत. त्याच वेळी प्रत्येक संघात किमान चार ‘डेव्हलपमेंट’ खेळाडू आणि सामन्याच्या यादीत त्यातले किमान दोन ठेवणं बंधनकारक झालं. यादीत असणं आणि प्रत्यक्ष खेळणं यात मात्र फरक आहे. नियम बाकापर्यंत नेतो. त्यापुढचा निर्णय प्रशिक्षकाचा, आणि ज्याची नोकरी दर आठवड्याच्या निकालावर टांगलेली असते तो धोका कमीच पत्करतो.

तरीही काही दारं उघडली. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ पासून चालते. तिच्या पहिल्या तुकडीतला आयुष छिकारा २०२० मध्ये मुंबई सिटीत आला. मुंबईच्या नेथन रॉड्रिग्सलाही अलीकडच्या हंगामांत पहिल्या संघात संधी मिळाली. तरुण खेळाडूंसाठी २०२२ पासून डेव्हलपमेंट लीग आहे. म्हणजे १८-१९ वर्षांच्या मुलासाठी काही ना काही व्यवस्था उभी राहिली आहे. खरी अडचण त्याच्या आधीची, १२ ते १७ या वयातली आहे.

अडचण गुणवत्तेची आहे की व्यवस्थेची?

एक आकडा पाहा. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. यजमान भारताच्या २१ जणांच्या संघात आठ मुलं एकट्या मणिपूरची होती. महाराष्ट्रात घडलेला खेळाडू होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. दुसरं मराठी नाव नमित देशपांडे, पण तो अमेरिकेत वाढलेला.

२०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या सुमारे २८.५ लाख. ठाणे महापालिकेची सुमारे १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख. म्हणजे ही दोन शहरं मिळूनच मणिपूरपेक्षा मोठी आहेत. एवढ्या मुलांमध्ये पायात जादू असलेली मुलं नाहीत, असं कुणी म्हणू शकत नाही.

फरक आहे तो रोजच्या खेळात. मणिपूरमध्ये वस्तीवस्तीत क्लब आहेत आणि मुलगा लहानपणापासून मोठ्या मैदानावर सामने खेळतो. अनिकेतचं कोल्हापूरही तसंच. तिथे तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना पाहायला गर्दी लोटते. अनिकेतला पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत सरकारी प्रशिक्षणही मिळालं.

ठाण्यात मुलगा बहुतेक वेळ खेळतो तो टर्फवर, एका बाजूला पाच-सहा जण घेऊन. चेंडूवरचा ताबा सुधारायला हे उत्तम. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. चाळीस मीटरचा पास, बचावफळीची रांग, नव्वद मिनिटांची दमछाक हे जाळीच्या आत शिकता येत नाही. तासावर भाड्याने जाणाऱ्या टर्फवर पुढचा तास बॉक्स क्रिकेटवाल्यांचा असतो.

मधल्या पायऱ्याही गळून पडल्या. एकेकाळी मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी हे संघ देशपातळीवर खेळत होते. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला, पुढे इतर दोघेही वरच्या लीगमधून दिसेनासे झाले. १८९१ पासूनचा रोव्हर्स कपही थांबला. अकादमीतून थेट आयएसएलमध्ये न पोहोचणाऱ्या मुलाला दोन-तीन वर्षं खेळून तयार होण्यासाठी जे संघ होते, ते कमी झाले.

स्कॉटलंडसारखा छोटा देश हे कसं जमवतो?

स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. तरीही चार पायऱ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये तिथे ४२ क्लब आहेत. सेल्टिक आणि रेंजर्स सोडले तर बहुतेकांकडे फार पैसा नाही. मग मुलगा घडवायचा, त्याला लवकर पहिल्या संघात खेळवायचं आणि मोठ्या क्लबला विकायचं, हाच त्यांच्या जगण्याचा एक मार्ग. ॲबरडीनने २०२२ मध्ये १८ वर्षांच्या कॅल्विन रॅमसेला लिव्हरपूलला विकलं. सेल्टिकने आपल्याच अकादमीतल्या किरन टिअर्नीला २०१९ मध्ये अडीच कोटी पौंडांना आर्सेनलकडे पाठवलं.

याहून बोलका किस्सा अँडी रॉबर्टसनचा. पंधराव्या वर्षी सेल्टिकने त्याला सोडून दिलं. तो क्वीन्स पार्क या तेव्हाच्या हौशी क्लबकडून खालच्या लीगमध्ये खेळला. २०१३ मध्ये डंडी युनायटेड, २०१४ मध्ये हल सिटी, २०१७ मध्ये लिव्हरपूल आणि पुढे देशाचं कर्णधारपद. मोठ्या अकादमीने नाकारलेल्या मुलाला खेळत राहायला दुसरी जागा होती, म्हणून हे घडलं. ठाण्यात पंधराव्या वर्षी नाकारला गेलेला मुलगा बहुतेक वेळा दहावीच्या क्लासला जातो आणि बूट माळ्यावर जातात.

मुलगा घडवणाऱ्या क्लबला काय मिळतं?

फिफाचे याबाबत दोन नियम आहेत. खेळाडू पहिला व्यावसायिक करार दुसऱ्या देशात करतो किंवा व्यावसायिक म्हणून तेविशीपर्यंत देश बदलून दुसऱ्या क्लबकडे जातो, तेव्हा आधीच्या प्रशिक्षणाची भरपाई मिळू शकते. दुसरा नियम एकजूट निधीचा. खेळाडूची करारादरम्यान एका देशातून दुसऱ्या देशात विक्री झाली, तर रकमेतले पाच टक्के तो १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबकडे होता त्यांच्यात वाटले जातात. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी विक्रीच्या रकमेच्या ०.२५ टक्के, त्यापुढच्या प्रत्येक हंगामासाठी ०.५ टक्के.

समजा, माजिवड्यातला एक मुलगा बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत चार हंगाम एका स्थानिक क्लबकडे होता आणि पुढे एक कोटी रुपयांना परदेशी क्लबकडे गेला. त्या स्थानिक क्लबचा वाटा एक टक्का, म्हणजे एक लाख रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण स्थानिक क्लबसाठी तेवढ्यात चेंडू, प्रवास, स्पर्धांच्या फीचा बराच खर्च निघतो.

प्रत्यक्षात हा लाख क्वचितच हातात पडतो. एक तर भारतीय खेळाडू परदेशात विकले जाण्याचे प्रसंग मोजके. देशातल्या देशात क्लब बदलला तर फिफाची ही टक्केवारी आपोआप लागू होत नाही, तिथे महासंघाचे स्वतःचे नियम चालतात. करार संपल्यावर खेळाडू गेला तर विक्रीची रक्कमच नसते. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. क्लब महासंघाशी संलग्न हवा आणि मुलाची त्या क्लबकडे रीतसर नोंद हवी. फक्त फी घेऊन टर्फवर शिकवणाऱ्या खासगी अकादमीकडे अशी नोंद नसेल, तर उद्या मुलगा कितीही मोठा झाला तरी तिचा हक्क उरत नाही.

परिणाम असा की १२ ते १७ वयाचा सगळा खर्च पालकांवर पडतो. ज्याच्या घरी फी परवडते तोच टिकतो. खेळात सर्वांत चांगला असलेला मुलगा आणि फी भरू शकणारा मुलगा एकच असेल याची खात्री कोण देणार?

आता पुढे काय?

पैसा आटल्यावर क्लबांकडे दोन पर्याय उरतात. एक, संघ लहान करून जुन्याजाणत्या खेळाडूंवर हंगाम काढणं. दुसरा, स्वस्तात मिळणाऱ्या तरुणांना खेळवणं. नाइलाजाने का होईना, दुसरा पर्याय निवडला गेला तर मुंबई-ठाण्याच्या मुलांसाठी ही गेल्या काही वर्षांतली चांगली संधी ठरू शकते. पण त्यासाठी तेव्हा दारात उभी राहतील अशी मुलं तयार असावी लागतील, आणि ती एका वर्षात तयार होत नाहीत. पूर्ण मापाची मैदानं आणि वर्षभर चालणारी वयोगटांची लीग या दोन गोष्टी महापालिका आणि फुटबॉल संघटनांच्या हातात आहेत.

पालकांच्या हातात काही प्रश्न आहेत, आणि ते फी भरण्याआधी विचारायला हवेत. अकादमी राज्य संघटनेशी, म्हणजे ‘विफा’शी किंवा जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? मुलाची एआयएफएफच्या केंद्रीय प्रणालीत नोंद होणार का? तो वर्षात अकरा जणांचे, पूर्ण मैदानावरचे किती सामने खेळणार? प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे? आणि जन्मतारखेचे कागद खरे आहेत ना, कारण वयोगटाच्या स्पर्धांत हाडांच्या चाचणीवरून वय तपासलं जातं आणि तिथे अडकलेला मुलगा पुढची वर्षं गमावतो.

या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर फी खेळाडू घडवण्यासाठी आहे. नाही मिळाली, तर ती संध्याकाळच्या तासाभराच्या व्यायामाची आहे. त्यातही वाईट काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे पालकांना आधी माहीत असायला हवं.