लाल दिवा दिसला, पण धावलं कोण?

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. रात्रीचे साडेदहा. यूपीआयवरून पैसे कट झाले, बँकेचा मेसेजही आला आणि पोर्टलवर मात्र 'पेमेंट पेंडिंग'. हा अनुभव तुम्हाला नवीन नसणार. शेवटच्या सेमिस्टरला माझ्यावर ही वेळ आली तेव्हा हेल्पलाइन कोणी उचलली नाही. मेल पाठवला, त्याची पोच नाही की तक्रार क्रमांक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस गाठलं. खिडकीतल्या काकांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे बघ, सगळं हिरवं आहे. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही."

माझ्यामागे वीसेक जणांची रांग होती. सगळ्यांची तक्रार एकच. काका त्या तक्रारी एका फुलस्केप वहीत लिहून घेत होते. वही आणि स्क्रीन एकाच टेबलावर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. स्क्रीन म्हणत होता सगळं ठीक आहे, वही म्हणत होती काहीच ठीक नाही. आणि या दोघांची कधी गाठच पडत नव्हती.

आजचा विषय त्या वीतभर अंतराचा आहे. आयटीत काम करणारे लोक हे अंतर बुजवायला जे करतात, त्याला ते 'इंटिग्रेशन' म्हणतात. शब्द ऐकून पान उलटू नका. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या तर हे उपयोगाचं आहेच, पण बीए, बीकॉमवाल्यांनीही वाचावं असं यात बरंच आहे.

आधी स्क्रीनबद्दल. सर्व्हरवर किती ताण आहे, पान उघडायला किती सेकंद लागतात, किती पेमेंट अडकली, हे सगळं आलेखात दाखवणाऱ्या स्क्रीनला डॅशबोर्ड म्हणतात. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधन म्हणजे ग्राफाना. स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी ते २०१४ साली आणलं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे तुम्ही आज रात्री आपल्या लॅपटॉपवर फुकटात टाकू शकता.

आता वही. मोठ्या कंपन्यांत तक्रारींच्या वहीची जागा सर्व्हिसनाऊसारख्या प्लॅटफॉर्मने घेतली आहे. फ्रेड लडी यांनी २००३ साली अमेरिकेत ही कंपनी सुरू केली. तिथे प्रत्येक तक्रारीचं तिकीट बनतं. त्याला नंबर असतो, ते कोणाकडे आहे त्याचं नाव असतं, किती वेळात सुटायला हवं याचं घड्याळ असतं. यामागची शिस्त मात्र कंपनीपेक्षा जुनी. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारने आपल्या कॉम्प्युटर विभागांसाठी नियमावली तयार करायला घेतली. तीच पुढे आयटिल म्हणून जगभर गेली.

या नियमावलीतले तीन शब्द हॉस्टेलच्या भाषेत सांगते. नळाला पाणी नाही, हा 'इन्सिडेंट'. दर सोमवारी पाणी जातं कारण टाकीचा व्हॉल्व्ह खराब आहे, हा 'प्रॉब्लेम'. व्हॉल्व्ह कधी बदलायचा, कोणी बदलायचा, तोपर्यंत बादल्या भरून ठेवायच्या का, हा 'चेंज'. रेक्टरना फोन केल्यावर टँकर येतो आणि इन्सिडेंट मिटतो. प्रॉब्लेम तसाच राहतो. आपण वर्षानुवर्षं टँकरवर खूश असतो, ते सोडा.

तर स्क्रीन आणि वही जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

याच्या दोन दिशा आहेत. पहिल्या दिशेत डॅशबोर्ड वही वाचतो. ग्राफानासाठी सर्व्हिसनाऊचं तयार प्लगिन आहे. ते त्यांच्या एंटरप्राइझ आवृत्तीत किंवा क्लाउड सेवेत चालतं. ते लावलं की सर्व्हरचा आलेख आणि उघड्या तिकिटांची यादी एकाच स्क्रीनवर येते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, कोणता बदल कधी केला याची उभी रेघ आलेखावर उमटवता येते. दुपारी दोनला नवीन व्हर्जन टाकलं आणि दोन वाजून पाच मिनिटांनी आलेख आकाशात गेला, तर शोधाशोध कुठून सुरू करायची हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बिघाड झाला की खोलीतला पहिला प्रश्न हाच असतो, 'काय बदललं?' १९ जुलै २०२४ आठवा. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मध्ये गेली ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीनना फटका बसला. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. हा बदल बाहेरून आला होता, त्यामुळे फटका बसलेल्या कंपन्यांच्या स्वतःच्या बदलांच्या यादीत तो असायचं कारण नव्हतं. पण अशा वेळी 'आपण आज काहीच बदललेलं नाही' हे दोन मिनिटांत कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. निदान माणसं चुकीच्या दिशेने खोदत बसत नाहीत.

दुसऱ्या दिशेत डॅशबोर्ड स्वतःच वहीत लिहितो. आलेखाने ठरवलेली रेषा ओलांडली की ग्राफाना निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप सर्व्हिसनाऊच्या एपीआयपर्यंत पोहोचवायची सोय केली की तिकीट आपोआप तयार होतं. रात्री तीन वाजता कोणी स्क्रीनकडे डोळे लावून बसलेलं नसलं, तरी ज्याची पाळी आहे त्याला खबर जाते.

ऐकायला झकास! पण इथेच घोळ होतात.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सपोर्टची नाइट शिफ्ट करते. तिने सांगितलेला किस्सा. नवीन जोडणी झाली त्या रात्री एका सर्व्हरची डिस्क भरत आली. आकडा कधी रेषेच्या वर, कधी खाली. प्रत्येक वेळी वर गेला की नवीन तिकीट. सकाळपर्यंत एकाच डिस्कची शंभरावर तिकिटं. त्या ढिगाऱ्यात एका ग्राहकाचं खरंखुरं तिकीट दबलं आणि बोलणी मैत्रिणीने खाल्ली. यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. आकडा काही मिनिटं सलग रेषेच्या वर राहिला तरच निरोप पाठवायचा. आणि प्रत्येक निरोपासोबत एक कायम ओळख पाठवायची. सर्व्हिसनाऊच्या तिकिटात त्यासाठी 'कोरिलेशन आयडी' नावाचा रकाना आहे. त्या ओळखीचं तिकीट आधीच उघडं असेल तर नवीन बनवायचं नाही, त्यातच नोंद वाढवायची. पण हे तपासायचं काम आपणच लिहावं लागतं, ते आपसूक होत नाही.

दुसरा घोळ खास आपल्या देशाचा. सर्व्हिसनाऊ वेळ साठवतं ती यूटीसी या जागतिक वेळेत. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. एपीआयमधून वेळ तशीच उचलून भारतीय वेळ म्हणून लावली, तर दुपारी तीनचा बिघाड आलेखावर सकाळी साडेनऊला दिसतो. मग त्या वेळी शिफ्टवर असलेल्या, काहीही न केलेल्या माणसाला जाब विचारला जातो. साडेपाच तासांच्या चुकीने एखाद्याचं अप्रेजल बिघडू शकतं.

तिसरा घोळ आळशीपणाचा. जोडणी करताना अ‍ॅडमिनचाच पासवर्ड टाकून मोकळं व्हायचं. डॅशबोर्डला तिकिटं फक्त वाचायची असतील तर फक्त वाचायचा हक्क असलेलं वेगळं खातं द्यावं. शेजाऱ्याला झाडांना पाणी घालायला सांगताना आपण त्याला कपाटाची किल्ली देतो का?

इथपर्यंत तंत्राची गोष्ट झाली. माझा मुद्दा पुढे आहे.

तिकीट वेळेत बंद झालं की नाही यावर माणसाचं काम मोजलं जातं. मग काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज येतो आणि नळ कोरडाच असतो. घड्याळ थांबावं म्हणून तिकीट बंद केलेलं असतं. नुसती वही असेल तर ही लबाडी पकडता येत नाही, कारण वहीत 'सुटली' असंच लिहिलेलं असतं. नुसता स्क्रीन असेल तर काकांसारखं 'सगळं हिरवं आहे' म्हणता येतं, कारण सर्व्हर चालू आहे एवढंच तो पाहत असतो. पेमेंट अडकलेली वीस मुलं त्याच्या हिशेबात नसतात. दोन्ही जोडले की एक दुसऱ्याची साक्ष काढतो. आलेख लाल आणि तिकीट बंद, म्हणजे कोणीतरी घाई केली. आलेख हिरवा आणि तिकिटांचा ढीग, म्हणजे आपण चुकीची गोष्ट मोजतोय. मला या सगळ्या जोडणीत सर्वांत मोलाची वाटते ती ही विसंगती. ती दिसायला लागली की 'आमच्याकडून प्रॉब्लेम नाही' हे वाक्य म्हणणं अवघड होतं.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. हाच स्क्रीन मॅनेजरच्या हातात छडी होऊ शकतो. कोणी किती मिनिटांत तिकीट सोडवलं याची रँकिंग भिंतीवर लावली, की माणसं सोपी तिकिटं आधी उचलतात आणि अवघड तिकीट दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. म्हणून जोडणी कोणासाठी करतोय हे आधी ठरवावं लागतं. ताण कुठे आहे हे समजण्यासाठी, की बळीचा बकरा शोधण्यासाठी? हे ठरवणारी माणसं पाच-सात वर्षांनी तुम्हीच असणार आहात.

आता कॉलेजकडे वळू. आपल्या शिक्षणसंस्थांकडे पोर्टल आलं, अ‍ॅप आलं, क्यूआर कोड आला. तक्रारीची वही मात्र तशीच राहिली, फार तर ती गुगल फॉर्म झाली. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच, ठरलेली मुदत आणि दाद मागायला अपील आहे. म्हणजे नंबर, घड्याळ आणि जबाबदार माणूस ही कल्पना सरकारलाही मान्य आहे. मग ज्या पोर्टलवर आपलं वर्ष अवलंबून असतं, तिथे ती मागण्यात कसली आलीय भीड?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. जीएलपीआय नावाची तिकीट प्रणाली ओपन सोर्स आहे. ग्राफाना फुकट आहे. एपीआयवरची माहिती ग्राफानात आणणारं 'इन्फिनिटी' नावाचं प्लगिनही फुकट आहे. सर्व्हिसनाऊवरच हात बसवायचा असेल तर ते शिकणाऱ्यांना स्वतंत्र डेव्हलपर इन्स्टन्स विनामूल्य देतात. मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तेच 'लायब्ररी मॅनेजमेंट' करण्यापेक्षा, आपल्याच कॉलेजच्या तक्रारींचा डॅशबोर्ड करून प्राचार्यांसमोर मांडा. जोडणीचा कोड दोन-तीन संध्याकाळी होईल. कोणत्या तक्रारीला किती मुदत आणि ती कोणाच्या नावावर, हे ठरवून घ्यायला मात्र महिना लागेल. खरं शिक्षण त्या महिन्यात आहे.

आणि कोड लिहिता येत नसेल तर? तीन प्रश्न विचारता येतात. माझ्या तक्रारीचा नंबर काय? ती आत्ता कोणाकडे आहे? आणि बंद केली असेल, तर नेमकं काय झालं म्हणून बंद केली?

माझं पेमेंट सतरा दिवसांनी परत आलं. फॉर्म लेट फी भरून घ्यावा लागला. रांगेतल्या एका मुलाकडे त्या दिवशी लेट फीचे पैसे नव्हते, ते आम्ही चार-पाच जणांनी मिळून भरले. वहीत त्याचं नाव माझ्याखालीच लिहिलेलं मी पाहिलं होतं. पुढच्या सेमिस्टरला खिडकीवर गेलात आणि काकांनी वही उघडली, तर भांडू नका. ते बिचारे दिलेल्या साधनांनीच काम करतात. नाव लिहून झालं की फक्त विचारा, "काका, नंबर काय?"