पिल्लाची आई सादर करा!

उन्हाळी कॅमेरा ट्रॅपिंग आटोपले, कार्डे रिकामी झाली आणि आमच्याकडे तक्रारींची पत्रे सुरू झाली. बहुतेकांत सुजलेल्या बॅटऱ्या, चोरीला गेलेले कॅमेरे आणि थकलेली मजुरी आहे. त्यावर पूर्वी लिहून झाले आहे, पुन्हाही लिहावे लागेल. या वेळी एकाच पत्राची दखल घेतो.

एका वनरक्षकाच्या बीटमध्ये पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यात पहाटे चांदी अस्वल, म्हणजे रॅटल, आले. त्याने मासिक अहवालात ‘रॅटल’ अशी नोंद करून फोटो जोडला. अहवाल वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला: ‘अस्वलाचे पिल्लू एकटे दिसते. मादीचा शोध घेऊन अनुपालन सादर करावे.’ गस्त सोडून माणसे नसलेल्या आईच्या मागे रानोमाळ फिरली. अखेर ‘मादी आढळून आली नाही’ असे लिहून दिल्यावर प्रकरण मिटले. कागदोपत्री त्या बीटमध्ये आता एक पोरके अस्वल आहे आणि रॅटल मात्र नाही!

वाघासाठी गुडघ्याच्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून हा बुटका प्राणी जवळून गेला की फ्लॅशमध्ये पाठ पांढरी जळते आणि खालचा काळा भाग अंधारात विरतो, हे मान्य. पण डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली ती रुपेरी झूल कोणत्या अस्वलाला असते? पुढच्या पायाचा ठसा पाहावा. पाच बोटे, आणि नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे उमटलेल्या. ज्याला हे ओळखता येत नाही त्याने शेरा मारण्याआधी बीटवर फोन करावा, एवढीच अपेक्षा.

2018-19 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि 3 कोटी 48 लाखांवर छायाचित्रे निघाली. त्यांत वाघाची 76,651 आणि बिबट्याची 51,777. बाकीच्या ढिगाऱ्यात रॅटल कुठे, कधी, किती वाजता दिसला, हे आपापल्या विभागापुरते तरी किती जणांनी वेगळे काढले? कायद्याने हा प्राणी वाघाच्याच पंक्तीला, अनुसूची एकमध्ये बसतो. फोल्डरमध्ये त्याची जागा ‘इतर’.

त्याचा आकडा काढता येत नाही, मग नोंद कशाला, असेही ऐकवले जाते. नोंद याचसाठी हवी की हा प्राणी मुळात विरळ आणि सतत फिरता. कालाहारीत कॉलीन आणि कीथ बेग यांनी रॅटलचा मागोवा घेतला तेव्हा प्रौढ नराचे क्षेत्र सरासरी 500 चौरस किलोमीटरच्या वर भरले. आपले पेंच राष्ट्रीय उद्यान 257 चौरस किलोमीटरचे. कालाहारीचा मुलूख कोरडा, भक्ष्य विखुरलेले, तेव्हा आपल्याकडे क्षेत्र लहान असेल; तरी एखाद्या कक्षात मावणारा हा प्राणी नव्हे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, आणि ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आईबरोबर राहते. खणायला, पोळ्यासाठी झाडावर चढायला ते याच काळात शिकते. अशा प्राण्याची एक मादी महामार्गावर चिरडली तर ती जागा भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. बीळही कायमचे नाही. पिल्लू लहान असताना मादी त्याला दर काही दिवसांनी नव्या बिळात हलवते. त्यामुळे ‘बीळ तपासले, रिकामे आढळले’ या शेऱ्याला काडीचा अर्थ नाही.

सगळा दोष वरच्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. वाघ कॅमेऱ्यात आला की अर्ध्या तासात फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. रॅटल आला की कार्ड रिकामे करताना तोच आधी उडतो, कारण जागा हवी असते. मचाण प्रगणनेला बसलेले हौशी स्वयंसेवक तर त्याला बिनदिक्कत उदमांजर ठरवतात. आणि तो थडगी उकरतो ही कुजबुज गावात सुरू झाली की आपल्यातलेच काही जण माना डोलावतात!

तेव्हा मंडळी, कार्डे पुन्हा काढा. या हंगामातले रॅटलचे प्रत्येक छायाचित्र शोधून तारीख, वेळ, परिक्षेत्र आणि आसपासचा अधिवास एवढे लिहून महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. रस्त्यावर मेलेला आढळला असेल तर तेही कळवा. अहवालात ‘इतर’ खोडून नाव लिहा, शेरा परत आला तर त्याची प्रतही जोडा. बिळांचे अक्षांश-रेखांश मात्र पाठवू नका. हा अंक कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.